पाचवा प्रश्न

पाचव्या प्रश्नालाही कलोलाइने नाही म्हणाली आणि डॉक्टरबाईंनी कागदावर पाचवी फुली मारली. पाच चौकटी, पाच फुल्या, एकाखाली एक, शाळेच्या हजेरीपटासारख्या सरळ. फुलीचा आवाज तो केवढा, पण तिला तो कंबरेत ऐकू आला. चार दिवसांपूर्वी मोजा चढवायला वाकली असताना जिथे उसण भरली होती, अगदी तिथे. शेजारच्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ पेनिसिमानी बसला होता. बसला होता म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकला होता, तिच्याकडे पाठ होईल इतका वळून, भिंतीवरच्या दम्याच्या तक्त्यावर डोळे रोवून. तो आत येणारच नव्हता. बाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता बिचारा. पण कलोलाइनेला बाकावरून उठवेना, तेव्हा नर्सनं त्यालाच म्हटलं, घरचं माणूस आहे ना, या की आत, आणि पाठीला हात लावून त्याला आत घातलं, हसत हसत, चांगल्या मनानं. मग प्रश्न सुरू झाले. लघवीचा ताबा सुटतो का? नाही. शौचाचा? नाही. मांड्यांच्या मधल्या जागेत बधिर वाटतं? हा प्रश्न पुरता संपायच्या आतच ती नाही म्हणाली होती, कारण भावाच्या मानेवर चढत चाललेली लाली तिला दिसत होती आणि ती तिथेच थांबवायची होती. रात्री दुखण्यानं जाग येते, ताप, वजन उतरलंय? नाही. पूर्वी कधी कॅन्सर झाला होता, स्तनाचा, दुसरा कुठला? नाही.

पहिले तीन नकार खरे होते. चौथा अर्धा. आणि पाचवा त्या चौघांच्या मागोमाग आला होता, उतारावरून सुटलेल्या नारळासारखा. कुणी ढकलला असं म्हणता येईना, कुणी अडवलाही नव्हता.

डॉक्टरबाई तरुण होत्या, नाव नेव्हिन. त्यांनी तिला वाकायला लावलं, पाय उचलायला लावले, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली आणि मग खुर्ची पुढे ओढून सावकाश समजावून सांगितलं. फोटोची गरज नाही, एक्सरेची नाही आणि त्या मोठ्या यंत्राच्या बोगद्यात जायचीही नाही. पन्नाशी उलटलेल्या कुणाच्याही मणक्याचा फोटो काढला तर काही ना काही दिसतंच, केस पिकतात तसे मणकेही पिकतात. ते बघून माणूस उगाच घाबरतं, नको ते उपचार मागे लागतात. झोपून राहू नका, हिंडत-फिरत राहा, शेक घ्या, या गोळ्या घ्या. सहा आठवड्यांत उतरलं नाही तर परत या. कलोलाइने मान हलवत होती. सगळं पटत होतं. ज्या बाईनं पाचही प्रश्नांना खरंच नाही म्हटलं असेल, तिच्यासाठी हा सल्ला अगदी योग्य होता. ती बाई कशी असेल, असं तिच्या मनात आलं. तिलाही सत्तावन्नावं वर्ष असेल, तीही म्हाताऱ्यांच्या आश्रमात चादरी धूत असेल, फक्त तिच्या छातीवर डाव्या बाजूला तीन निळे ठिपके नसतील.

गाडीत ती नेहमीप्रमाणे मागे बसली. पेनिसिमानीनं हीटर लावला आणि ब्लॅकटाउनच्या त्या लांबलचक रस्त्यावर गाडी आणली. मग समोर बघतच म्हणाला, "चांगल्या वाटल्या डॉक्टरीणबाई. फोटो नको म्हणाल्या."

"हो."

"म्हणजे काळजीचं नाही, ताई."

"नसेल."

"सहा आठवडे म्हणजे लग्नाच्या सुमाराला तुम्ही खडखडीत."

त्याच्या आवाजात इतका सुटकेचा श्वास होता की तिला त्याची कीव आली. लग्न त्याच्या मुलीचं, इलाइसानेचं. आणि त्यांच्याकडे मुलीच्या लग्नात आत्याला जो मान तो कुणाला नाही. चटयांच्या आणि झाडाच्या सालीच्या कापडांच्या थरावर, सगळ्यांहून उंच, आत्या बसणार, केकचा वरचा थर आधी तिच्यापुढे येणार. मांडी घालून तीन तास. ते सहा आठवडे तिच्यासमोर रस्त्यासारखेच सरळ पडले होते आणि त्यांच्या टोकाला ती चटयांवर बसलेली दिसत होती. रस्त्यात काही नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते तिला चांगलं येत होतं.

गप्प बसणं ती कधी शिकली हे तिला नेमकं आठवत होतं. त्यांच्या मूळ बेटावर, आईच्या घरी. पेनी पाच वर्षांचा होईपर्यंत तिनंच त्याला कडेवर वागवला, याच कंबरेवर, डाव्या बाजूला, इतका की ती एका अंगानं कलून चालायची आणि शेजारणी हसायच्या. मग एका उन्हाळ्यात आईनं त्याची उशी उचलली आणि काकांच्या मुलांच्या झोपडीत नेऊन टाकली. आजपासून तू तिकडे झोपायचं. तो दारात उभा राहून बघत होता, हिच्याकडे, आणि आईनं त्याची हनुवटी धरून तोंड दुसरीकडे वळवलं. रागानं नाही, भांडं फिरवून ठेवावं तसं. त्या दिवसापासून तिचे आतले कपडे पेनी येणार नाही अशा मागच्या दोरीवर वाळू लागले. शाळेच्या पटांगणात पडद्यावर सिनेमा असला आणि त्यात बाई-बाप्ये जवळ आले की पेनी अंधारातून उठून निघून जायचा, कारण बहीण कुठेतरी बसलेली असायची. ती कुठे बसलीय हे त्याला ठाऊक नसायचं, तरी जायचा. शेवट काय झाला हे त्यानं कधी बघितलंच नसेल. आणि यात त्याला कुणी दुबळं म्हटलं नाही, तिला कुणी बिचारी म्हटलं नाही. त्यांच्याकडे भावाचं प्रेम असंच असतं, पाठ फिरवलेलं. त्याच्या घरात तिचा शब्द खाली पडत नव्हता. तो तिला अहोजाहो करत होता. नवरा गेल्यावर तिनं ऑकलंडहून इकडे यावं म्हणून त्यानं मागची खोली स्वतःच्या हातानं बांधली, तिला वेगळी न्हाणी काढून दिली, आणि आपल्या वाटेवर तिची खिडकी येऊ नये म्हणून कुंपणाचा रस्ता वळवला.

अशा भावाच्या देखत त्या खोलीत ती म्हणणार काय होती? जरा बाहेर जा, एवढंसुद्धा म्हणता येत नव्हतं. बाहेर जा म्हटलं असतं की त्याला कळलंच असतं, इथे असं काहीतरी आहे जे माझ्या कानांवर पडायचं नाही. लपवायचं आहे हे सांगणं म्हणजे अर्धं सांगणंच.

आठ वर्षं झाली त्या गोष्टीला. ऑकलंडात तेव्हा ती मावशीकडे राहत होती, नवरा बोटीवर. छातीतली ती गाठ आधी तिनं उन्हाळ्यातल्या घामोळ्यावर ढकलली होती. मग ऑपरेशन, मग पाच आठवडे रोज सकाळी ते थंड टेबल, वरून पडणारी लाल प्रकाशाची बारीक रेघ, आणि ती रेघ रोज त्याच जागी पडावी म्हणून सुईनं गोंदलेले तीन निळे ठिपके. बेटावर घरच्यांना मावशीनं कळवलं, छातीत कफ झालाय, डॉक्टर जपायला सांगतात. छाती हा शब्द एवढाच वापरला गेला, तोही कफासाठी. पाच वर्षं ती रोज एक गोळी घेत आली, जेवणाआधीच्या प्रार्थनेला लागून, कुणाला न दिसता. गोळ्या संपल्या तेव्हा तिकडच्या डॉक्टरनं हात मिळवला. मग मावशी गेली, नवरा गेला, आणि ती विमानात बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आता ही गोष्ट जगात फक्त तिलाच ठाऊक आहे. तिला हलकं वाटलं होतं. ठाऊक असणारी माणसं संपली की गोष्टही संपते, असं काहीसं.

घरी पोचल्यावर तोआकासे, पेनीची बायको, खोबरेल तेल कोमट करून तयारच होती. तिनं कलोलाइनेला चटईवर पालथं घातलं, झगा कंबरेपर्यंत सरकवला आणि अंगठे रोवले.

"फोटो नाही काढला? बघा आता. माझ्या गुडघ्याचे तीन काढले. एक तर मी फ्रिजवर लावलाय."

"तुझ्या गुडघ्यात काय निघालं?"

"काही नाही. पण छान आला होता." ती स्वतःच हसली. "वन्सं, तुम्ही डॉक्टरला नीट सांगितलं नसणार. तुम्ही कुठे काही सांगता. तुमच्या भावासारख्याच. मी असते ना आत, तर एक यंत्र सोडलं नसतं त्यांचं."

"तू नव्हतीस."

"मी कशी असणार, कामावर कांदे कोण भरणार पोत्यांत. इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"जरा वर. मधोमध, हाडात."

तोआकासेचे अंगठे थांबले. "हाडात दुखलेलं तेलानं जात नाही हो," ती म्हणाली आणि पुन्हा चोळू लागली, अधिक हळू. त्या क्षणी सांगता आलं असतं. चटईचा वास नाकात होता, तोंड जमिनीकडे होतं, बाईमाणूस पाठीवर हात फिरवत होतं. पण तोआकासेच्या पोटात गेलेली गोष्ट रविवारपर्यंत चर्चमधल्या सगळ्या बायकांच्या पोटात जाते, आणि बायकांच्या पोटातून नवऱ्यांच्या, आणि मग पेनीला कुणी हळहळून विचारणार, बहिणीचं कसं आहे. तो कुठे बघेल? कलोलाइनेनं डोळे मिटले. तेल कंबरेच्या खळग्यात साचून थंड होत होतं.

पुढचे नऊ दिवस तिनं डॉक्टरांचं ऐकलं, अगदी मन लावून. हिंडली-फिरली. शेक घेतला. चर्चला जाताना कमरेला गुंडाळायची आईची जुनी चटई नेहमीपेक्षा आवळून बांधली आणि तेवढा वेळ बरं वाटलं. त्यावरून तिनं मनाशी हिशेब केला की ज्याअर्थी आवळल्यावर बरं वाटतं त्याअर्थी स्नायूच असणार. वाकल्यावर दुखलं की तिला आनंद व्हायचा, कारण वाकल्यावर दुखणारं साधं असतं. पण ते न वाकताही दुखायचं. आश्रमात ओल्या चादरींच्या ढिगासमोर ती नुसती उभी असताना, काही न उचलता, ते आतून येऊन बसायचं, पाहुणा येऊन बसावा आणि बोलू नये तसं. आणि पहाटे प्रार्थनेची वेळ व्हायच्या आत तेच तिला उठवायचं. पाच वाजता गुडघे टेकायचे हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम होता, आजारपणातसुद्धा मोडला नव्हता. आता गुडघे टेकवले तर उठता येत नव्हतं, म्हणून ती मागच्या खोलीतल्या धुण्याच्या यंत्रावर दोन्ही हात टेकून उभ्यानं प्रार्थना करायची. यंत्राचा पत्रा बर्फासारखा, बाहेर गवतावर दहिवर गोठलेलं, आणि शेजारच्या निलगिरीवर पांढऱ्या पोपटांची कर्कश भांडणं सुरू झालेली.

दहाव्या दिवशी पहाटे तिनं स्वतःची प्रार्थना ऐकली. म्हणजे रोज करतच होती, पण त्या दिवशी शब्द कानांवर पडले. ती म्हणत होती, प्रभू, डॉक्टरबाईंचं म्हणणं खरं ठरव. त्यांच्या पाचही फुल्या खऱ्या ठरव. ती थांबली. पोपट ओरडत होते. पाचवी फुली बाईंची नव्हतीच. ती हिची होती. म्हणजे नऊ दिवस ती देवापुढे उभी राहून स्वतःच्या खोट्यावर त्याची सही मागत होती. नऊ दिवस, रोज, नेम न चुकवता. तिच्या तळहातांना पत्र्याचा गारठा चढत होता आणि पहिल्यांदाच कंबरेची भीती मागे पडली, ही दुसरी भीती इतकी मोठी आणि स्वच्छ होती. हाडात काय आहे ते तिच्या हातात नव्हतं, आठ वर्षांपूर्वीही नव्हतं. प्रश्नाला उत्तर काय द्यायचं ते मात्र होतं. साधी उसण असेल तर असू दे. पण ती साधी आहे हे बाईंनी सगळं ऐकून सांगायला हवं. आपण अर्धं झाकून ठेवायचं आणि त्यांनी झाकणावरून सांगायचं, हे काही खरं नव्हे. तिनं आमेन म्हटलं नाही. आज प्रार्थना पुरी करायची नाही, आधी जाऊन यायचं. यंत्रावरून हात काढले, मोजे हातात घेतले, पाय खुर्चीवर ठेवून एक एक चढवले. पाव तास लागला.

बसची पायरी चढताना ड्रायव्हरनं बस खाली झुकवली, म्हातारीसाठी झुकवतात तशी. तिला राग आला आणि मग ती त्याला धन्यवाद म्हणाली. दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, वेळ घेतली होती का. नाही. मग आज जागा नाही, परवा या.

"मी थांबते," कलोलाइने म्हणाली.

"पण जागा नाहीये, मावशी."

"मी उभीच राहणार आहे. बसलं की उठता येत नाही."

तिचा आवाज वाढला नव्हता. तो कधीच वाढत नसे. ती भिंतीला टेकून दोन तास दहा मिनिटं उभी राहिली. माणसं आली, गेली, एका बाईनं खुर्ची पुढे केली, नर्सनं दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा ती येऊन म्हणाली, "चला. आज भाऊ नाही आला?"

"नाही. म्हणूनच आले."

डॉक्टर नेव्हिननी फाईल उघडली. कलोलाइने उभी होती, टेबलाची कड धरून. त्या आजाराचा शब्द तिच्या भाषेत नव्हता, निदान बायकांच्या तोंडी असावा असा नव्हता. तिनं तो इंग्रजीतच म्हटला आणि मग हात छातीवर डाव्या बाजूला ठेवला, चर्चमध्ये ठेवतात तसा. "आठ वर्षं झाली. इथे. ऑपरेशन, पाच आठवडे किरणं, पाच वर्षं गोळ्या. आणि पहाटे जाग येते. रोज."

बाईंनी कागदावरच्या पाचव्या फुलीवर बोट ठेवलं. "तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"तेव्हा माझा भाऊ बसला होता."

"हो. मग?"

"मग काय? भाऊ बसला होता."

बाईंना ते समजलं की नाही कुणास ठाऊक. पण त्यांनी पेन घेतलं, पाचव्या चौकटीतली फुली गोल फिरवून खोडली आणि शेजारी दोन ओळी लिहिल्या. मग म्हणाल्या, "साधी उसणही असू शकेल. बरेचदा असतेच. पण आता न बघता सोडता येणार नाही. मोठ्या यंत्राचा फोटो, संपूर्ण पाठीचा, याच आठवड्यात. आज रक्त देऊन जा. पाय लुळे पडले, लघवी अडली, तर एक क्षण न थांबता इस्पितळ. आणि तुम्ही परत आलात ते फार बरं केलंत."

परत येण्यात काय बरं, असं तिला वाटलं. बरं त्याच दिवशी करता आलं असतं. पण बसमध्ये, खिडकीशी उभी असताना, तिनं सकाळचं आमेन म्हटलं.

फोटो शुक्रवारी होता. सोडायला पेनीच निघाला. तिनं तोआकासेला एवढंच सांगितलं होतं की डॉक्टरांचं मत बदललं, आणि तोआकासे विजयी मुद्रेनं म्हणाली होती, मी काय म्हणत होते. पेनीनं काही विचारलं नाही. पण मोठ्या रस्त्याला लागल्यावर, समोर बघत, तो बोलला.

"तुम्ही ऑकलंडला होतात तेव्हा मावशीनं फोन केला होता. म्हणाली, ताईसाठी प्रार्थना कर. कशासाठी ते बोलली नाही, मीही विचारलं नाही." त्यानं गिअर बदलला. "मी सगळ्या अंगासाठी केली."

कलोलाइनेला काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात फोन वाजला. तिच्या पिशवीत वाजायला हवा तो गाडीच्या चारही कोपऱ्यांतून वाजला. चर्चची गाणी लावायची म्हणून भाचीनं तिचा फोन गाडीला जोडून दिला होता आणि तो तसाच होता. कुठलं बटण ते शोधेपर्यंत फोटो काढणाऱ्या केंद्रातली मुलगी गाडीभर बोलू लागली होती, मोठ्यानं, आनंदी आवाजात. यंत्रात जाण्याआधी काही प्रश्न विचारायचे आहेत, आत्ता चालेल ना? हृदयात पेसमेकर? डोळ्यात कधी धातूचा कण? आणि फॉर्मवर लिहिलंय की तुमच्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं आहे, तर तिथे आत धातूच्या क्लिपा ठेवल्या आहेत का?

पेनीच्या मानेवर लाली चढताना तिला दिसली, पुन्हा, तशीच. फोन तिच्या हातात होता. फोन बंद करायची लाल खूण तिच्या अंगठ्याखाली होती. नंतर फोन करा, चूक नंबर, नाही, काहीही म्हणता आलं असतं. गाडीचा वेग मंदावला. पेनीनं डावा दिवा लावला, गाडी गवताच्या पट्ट्यावर घेतली, इंजिन चालू ठेवलं म्हणजे हीटर बंद पडायला नको, आणि दार उघडून खाली उतरला. दार लावलं. दहा पावलं चालून गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, थंड वाऱ्यात, टोपी हातात धरून. मग तो गाऊ लागला. रविवारी गातात ते भजन, पहिलं कडवं, पुरुषांच्या खालच्या पट्टीत, छातीभर, जेणेकरून दुसरं काही ऐकू येऊ नये. रस्त्यावरचे ट्रक त्याच्या शेजारून जात होते.

"हॅलो? ऐकू येतंय ना?" मुलगी म्हणाली.

"येतंय," कलोलाइने म्हणाली. "हो. क्लिपा आहेत. तीन. डाव्या बाजूला."

प्रश्न पुष्कळ होते. तिनं एकेकाला पूर्ण होऊ दिलं, मग उत्तर दिलं. किरणं घेतली होती का? हो. किती वर्षांपूर्वी? आठ. त्यानंतर पाठीचं दुखणं हे पहिलंच? हो. काचेपलीकडे पेनीचं कडवं संपलं. त्यानं खांद्यावरून अर्ध्यावर मान वळवली, तिचे ओठ अजून हलताना बघितले, मान पुन्हा समोर केली आणि तेच कडवं परत सुरुवातीपासून धरलं.